वुडलाउस चॉइस चेंबर : प्रॅक्टिकलला बसण्याआधी वाचा

वुडलाउस (अनेकवचन वुडलाइस) हा ओलसर जागी राहणारा छोटा प्राणी. तो ओली हवा निवडतो की कोरडी, हे चॉइस चेंबर नावाच्या पेटीत पाहायचे आहे. पेटीला दोन खण आहेत, मध्ये वाट आणि प्राण्यांच्या पायाखाली जाळी. जाळीखाली एका खणात ५० ग्रॅम निळे सिलिका जेल (हवेतला ओलावा शोषणारे खडे) पसरा, दुसऱ्यात १० मिली पाण्याने भिजवलेला कापूस ठेवा. पाणी साचू देऊ नका. झाकण लावून १५ मिनिटे थांबा. घाई केली तर दोन्हीकडची हवा सारखीच राहते आणि प्राणी वाटेल तिकडे फिरतात. कोबाल्ट क्लोराइडचा कागद कोरड्या बाजूला निळा, ओल्या बाजूला गुलाबी दिसला की मगच प्राणी सोडा. कागद चिमट्यानेच धरा, कोबाल्ट विषारी असते.

वुडलाइस कुंडीखाली, ओल्या विटेखाली सापडतात. पायांच्या ७ जोड्या मोजून खात्री करा, कारण पिल मिलिपीड हा जास्त पायांचा वेगळा प्राणीही अंगाची गोळी करतो. उचलायला मऊ ब्रश वापरा.

दहा प्राणी एकदम सोडू नका. ते एकमेकांना चिकटून बसतात. मग ९ विरुद्ध १ हा आकडा ओलाव्याचा की घोळक्याचा, हे सांगता येत नाही. एकेक सोडा, १० मिनिटांनी बाजू नोंदवा, असे २० प्राणी घ्या. निम्मे झाले की पेटी उलट दिशेला फिरवा, म्हणजे खिडकीच्या उजेडाचा परिणाम वेगळा कळतो. १५ विरुद्ध ५ आले तर काय-वर्ग (फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारा आकडा) ५.० येतो, म्हणजे ३.८४ या मर्यादेच्या वर; तेव्हा फरक खरा मानता येतो. १४ विरुद्ध ६ ला तो ३.२ च येतो, तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका.

खरी गंमत पुढे आहे. झाकणावर मार्करने एका प्राण्याची १ मिनिटाची वाट आखा, तिच्यावर दोरा ठेवून लांबी मोजा. दोन्ही बाजूंना करा. कोरड्यात तो भराभर चालतो, ओल्यात रेंगाळतो, थांबतो. त्याला ओलाव्याची दिशा कळलेली नसते. वेग मंदावतो म्हणून तो तिथे जमतो. १९३७ मध्ये संशोधक डी. एल. गन यांनी पोर्सेलिओ स्केबर या वुडलाउसच्या जातीवर हेच दाखवले. म्हणून जर्नलमध्ये ‘टॅक्सिस’ (दिशा ओळखून तिकडे जाणे) नव्हे, ‘कायनेसिस’ (दिशा न कळता फक्त वेग बदलणे) लिहा. बहुतेक मार्क इथेच जातात. कारणही लिहा: या कवचधारी प्राण्याच्या त्वचेवर कीटकांसारखा मेणाचा थर नाही, त्यामुळे कोरड्या हवेत त्याच्या अंगातले पाणी झपाट्याने उडते.

निळे जेल गुलाबी झाले की ११० अंशांच्या ओव्हनमध्ये २ तास ठेवा. पावसाळ्यात हे प्रत्येक बॅचआधी करावे लागते. काम झाल्यावर प्राणी उचलले तिथेच परत सोडा.