कॅन्टनची फुलाकिड्यांची जलरंग चित्रं

फुलं, फुलपाखरं, नाकतोडे, चतुर असले विषय जलरंगात रंगवून फक्त परदेशी गिऱ्हाइकांना विकायची चित्रं. १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९वं शतक संपेपर्यंत ती दक्षिण चीनमधल्या कॅन्टनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला, ढिगाने बनली. १७५७ पासून युरोपियन व्यापाऱ्यांना हेच एक बंदर मोकळं होतं, तेही सीझनपुरतं, मग वखारींच्या लगतच्या गल्ल्यांत चित्रांची दुकानं थाटली गेली नसती तरच नवल. टिंगक्वा, सनक्वा ही त्यातली नावाजलेली नावं.

खरी मजा कागदात आहे. साधारण १८२०च्या दशकापासून जो वापरात आला त्याला लोक सर्रास राइस पेपर म्हणतात, पण त्यात तांदूळ औषधालाही नाही! तो एका झुडपाच्या खोडातला पांढरा गर, आपल्याकडे बाशिंगाला भेंड वापरतात ना, दिसायला साधारण तसाच. तो गोल फिरवत धारदार सुरीने अखंड सोलायचा, की पातळ पापुद्रा निघतो. रंग त्यात मुरत नाही, वर बसतो आणि ओलाव्याने पापुद्रा किंचित फुगतो, त्यामुळे फुलपाखराचा पंख मखमलीसारखा उठून दिसतो. खोडच बारीक, म्हणून चित्रंही लहान, मग कडेला रेशमी रिबीन लावून बहुतेक वेळा बाराबाराचे अल्बम विकायचे.

एकाच नमुन्यावरून रेषा उतरवून तेच ते चित्र पुन्हा पुन्हा काढलं जाई, म्हणून कित्येक अल्बम जुळे भाऊ वाटतात. चिनी रसिकांच्या लेखी हा बाजारी माल, आणि ते अगदीच चूक नाही. पण सगळंच तसं नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा तपासणारा जॉन रीव्हज १८१२ ते १८३१ मध्ये कॅन्टनला होता, त्याने स्थानिक चित्रकारांकडून झाडं, मासे, किडे समोर ठेवून त्यांची चित्रं काढून घेतली आणि लंडनला पाठवली, ती शास्त्राच्या कामाची ठरली.

आपल्याकडचा धागा म्हणजे मुंबईचे पारशी. ते कापूस आणि अफू घेऊन कॅन्टनला जात, आणि पारशी गारा साडीवरची फुलं-पाखरं तिकडच्याच भरतकामातून आली.

आज हे अल्बम हाताळणं जोखमीचं, कारण हा कागद सुकला की ठिसूळ होतो. घडी तर घालताच येत नाही, पान वाकवलं की तडा जातो आणि तो बहुतेक वेळा नेमका पंखावरूनच.