घडीच्या फोनची बिजागरी आणि पुळणीवरची वाळू

‘दोन लाख वेळा उघडमीट केली तरी काही होत नाही,’ असं घडीच्या फोनबद्दल छातीठोकपणे सांगितलं जातं. आकडा खोटा नाही. पण ती उघडमीट प्रयोगशाळेत यंत्र करतं, वेंगुर्ल्याच्या पुळणीवर नाही.

दाराची बिजागरी पिनेभोवती फिरते. फोनमध्ये पिन बसवायची तर ती स्क्रीनच्या मागेच बसणार. समजा, 2 मिलिमीटर मागे बसवली. फोन 180 अंशांतून मिटताना स्क्रीनला π × 2, म्हणजे जवळपास 6.3 मिलिमीटर आखडावं लागेल. तसं झालं तर ती सुरकुतेल, थर सुटतील. आस, म्हणजे ज्या रेषेभोवती फोन वळतो ती, हवा स्क्रीनच्या पातळीवर, आणि नेमकी तिथेच पिनेला जागा नाही! यावरचा तोडगा अप्रतिम आहे. दोन्ही बाजूंना एकेक कमानदार पट्टी असते, ती तशाच वळणाच्या खाचेत सरकते. त्या कमानीचं वर्तुळकेंद्र स्क्रीनच्या पातळीवर येतं. म्हणजे फोन ज्या आसाभोवती वळतो, तिथे धातूचा तुकडाही नसतो. दोन्ही बाजू सारख्याच कोनातून वळाव्यात म्हणून मध्ये एकमेकांत अडकलेले गिअर असतात, बहुधा चार. संख्या सम, म्हणून टोकाचे दोन गिअर उलट दिशांना फिरतात. फोन अर्धवट उघडा उभा राहतो तो कॅम (उंचसखल कडेची फिरती चकती) आणि स्प्रिंगच्या जोरावर.

काच का तुटत नाही? वाकताना पडणारा ताण, म्हणजे काचेची बाहेरची बाजू मूळ लांबीच्या किती टक्के ताणली जाते ते, काढायचं तर जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. 30 मायक्रॉन (0.03 मिलिमीटर) काच, 1.5 मिलिमीटर त्रिज्या: ताण 1 टक्का. अर्धा मिलिमीटर जाड काचेत तोच 17 टक्के होतो. ती त्याच्या कितीतरी आधी फुटते.

एवढ्या बारीक रचनेत वाळू शिरली की खेळ बिघडतो. 2019 मध्ये सॅमसंगने आपला पहिला घडीचा फोन, गॅलेक्सी फोल्ड, लांबणीवर टाकला, त्यामागे बिजागरीच्या टोकांतून स्क्रीनखाली जाणारे कण हेही कारण होतं. आज अनेक घडीच्या फोनवर आयपी48 हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असतो. त्यातला 4 म्हणजे 1 मिलिमीटर किंवा त्याहून मोठे कण अडतात. किनाऱ्यावरची वाळू बहुतेक त्याहून बारीक, जांभ्याची धूळ तर फारच बारीक. 8 हा आकडा पाण्याचा, तोही गोड्या.

करकर ऐकू आली तर खोबरेल घालू नका. तेलात धूळ कालवली की पॉलिश पेपरसारखी घासते. फुंकरही नको, कण आणखी आत जातात. भिजलेला फोन तांदळात पुरणं हा निव्वळ भाबडा समज आहे, तांदळाची भुकटी मात्र फटीत बसते. मऊ, कोरड्या ब्रशने कडेकडेने बाहेर झाडा. खारं पाणी उडालं तर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने लगेच पुसा. आणि फोन पूर्ण सपाट उघडेनासा झाला, तर दाबू नका: अडकलेला कण स्क्रीनमध्ये खालून रुतेल. तसाच दुरुस्तीला न्या.