पोर्ट फॉरवर्डिंग

बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक संगणकाकडे वळवण्याची राउटरमधली सोय. एका घरी बसून दुसऱ्या घरातला संगणक रिमोट डेस्कटॉपने चालवताना ती लागते. दोन्ही संगणक एकाच वाय-फायवर असतील तर लागत नाही.

राउटर घरातल्या यंत्रांना १९२.१६८.१.२५ यांसारखे खासगी पत्ते देतो. इंटरनेटवर ते चालत नाहीत; बाहेर साऱ्या घराचा मिळून एकच पत्ता दिसतो. आतून गेलेल्या विनंतीचे उत्तर कोणाचे, याची नोंद राउटर ठेवतो. आपणहून आलेल्या जोडणीची अशी नोंद नसल्याने तो ती टाकून देतो. म्हणून 'टीसीपी ३३८९ वर येईल ते अमुक पत्त्याला द्यावे' असा नियम लिहावा लागतो. टीसीपी ही माहिती पोचवण्याची एक पद्धत; पोर्ट म्हणजे कोणती सेवा हवी ते सांगणारा क्रमांक, आणि ३३८९ हे विंडोज रिमोट डेस्कटॉपचे नेहमीचे पोर्ट. संगणकाचा पत्ता डीएचसीपीमध्ये (राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या सोयीत) राखून ठेवला नाही, तर तो कधीतरी बदलतो आणि नियम भलत्याच यंत्राकडे जातो.

पुढचा अडसर संगणकावरच्या फायरवॉलचा, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या व्यवस्थेचा. रिमोट डेस्कटॉप सुरू करताच विंडोज आपल्या फायरवॉलमध्ये वाट करून देते. मात्र पोर्ट क्रमांक बदलल्यास नवा नियम हाताने घालावा लागतो. विंडोजच्या होम आवृत्तीत दुसऱ्याला आत घेण्याची सोयच नाही, त्यामुळे तिथे राउटरशी कितीही झटापट केली तरी व्यर्थ.

३३८९ जगाला उघडे ठेवणे मात्र शहाणपणाचे नाही. २०१९ मध्ये या सेवेत 'ब्लूकीप' ही त्रुटी सापडली. ती पासवर्डशिवाय वापरता येण्याजोगी होती. इतकी गंभीर, की मायक्रोसॉफ्टने पाठबळ संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. पोर्ट क्रमांक बदलल्याने हल्लेखोरांचे वरवरचे शोध चुकतात, एवढेच. त्यापेक्षा वायरगार्डसारखे व्हीपीएन (घरच्या जाळ्यापर्यंतची कूटबद्ध वाट) बरे: राउटरवर यूडीपी (माहिती पोचवण्याची दुसरी पद्धत) चे एक पोर्ट उघडले की भागते, आणि अनोळखी पॅकेटला ते उत्तरच देत नाही.

भारतातल्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर यातले काहीच थेट चालत नाही. सेवादार बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतो. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा हेच कारण. मग सेवादाराकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा, नाहीतर टेलस्केल (व्हीपीएन सेवा) किंवा एनीडेस्क (दूरचा संगणक चालवण्याचे ॲप) वापरावे. त्यांत दोन्ही संगणक आतूनच बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करतात, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही.