पुठ्ठ्याचे थर चिकटवतं कोण?

औषधाच्या खोक्याचा कोपरा भिजवून नखाने सोलला की पापुद्रे सुटतात: बाहेरचा पांढरा, आतले करडे किंवा पिवळसर. त्यामुळे अनेकांना वाटतं, कारखान्यात कागदावर कागद गोंदाने डकवून पुठ्ठा होतो. नागमोडी कागद असलेल्या खोक्यांत खरोखरच स्टार्चची खळ लागते. पण हा सपाट पुठ्ठा वेगळा. त्याचे थर एकत्र येतात ते लगदा ओला असतानाच, आणि त्यांना जोडण्याचं मोठं काम पाणी करतं. तेही निघून जाता जाता!

जाळीवर येणाऱ्या लगद्यात तंतू जेमतेम एक टक्का, बऱ्याचदा त्याहूनही कमी. बाकी पाणीच. जॉन डिकिन्सन यांनी १८०९ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात जाळीचं नळकांडं लगद्याच्या हौदात फिरतं आणि अंगावर तंतूंचा पातळ थर उचलतं. असे हौद ओळीने मांडले की एका ओल्या थरावर दुसरा बसवता येतो.

आता खरी गंमत. पाणी निथळून, दाबून आणि शेवटी तापवून काढलं जातं, तसं उरलेलं पाणी तंतूंमधल्या फटींत अडकतं. तिथे त्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि पृष्ठताण दोन्ही तंतूंना जवळ ओढू लागतो. या ओढीचा दाब फटीच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो. एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) फटीत तो हवेच्या दाबाच्या साधारण दीडपट भरतो, तर त्याच्याही शंभरपट अरुंद, दहा नॅनोमीटरच्या फटीत सुमारे १४० पट! म्हणजे तंतू जितके जवळ येतील तितकी ओढ वाढत जाते. ओला तंतू लवचीक असल्यामुळे तो चपटा होऊन शेजाऱ्याला बिलगतो. अंतर नॅनोमीटरच्याही आत आलं की सेल्युलोजवरचे, म्हणजे तंतू ज्या पदार्थाचा बनतो त्यावरचे, हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) समोरच्या गटांशी हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंमधली हलकी पकड, जुळवतात. एकेक बंध दुबळा, पण संख्या अफाट. हीच क्रिया एका थरातल्या तंतूंत होते आणि दोन थरांच्या सीमेवरही. म्हणून थर फार कोरडे झाल्यावर एकमेकांवर टेकवले, तर पुठ्ठा पुढे सहज उकलतो. कारखाने सीमेवर स्टार्चही फवारतात, पण ते मदतनीस म्हणून.

पाण्याला स्मरणशक्ती असते असं सांगून औषधं विकणाऱ्यांसाठी एक माहिती: द्रवरूप पाण्यातला हायड्रोजन बंध साधारण पिकोसेकंदभर, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतकाच, टिकतो. लक्षात ठेवायचं कशात? त्यापेक्षा सेल्युलोजचा तंतू बरा, झालेलं सोसणं तो विसरत नाही. एकदा पूर्ण वाळला की आतल्या काही फटी कायमच्या मिटतात आणि पुन्हा भिजवला तरी तो पूर्वीइतका फुगत नाही, ताठरच राहतो. शिवाय दर फेरीत काही तंतू तुटतात. ‘कागद अनंत वेळा पुन्हा वापरता येतो’ ही जाहिरात इथे अडते.

असा थकलेला लगदा मधल्या थरांत खपतो. वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या थरांवर येतो, म्हणून मजबूत तंतू तिथे घालायचे. मधला थर भरीव नसला तरी चालतो, तो फुगीर असलेलाच बरा. कारण एकाच प्रकारच्या पुठ्ठ्याची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. मात्र पुढचे आणि मागचे थर जुळते ठेवावे लागतात. दमट हवेत तंतू लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी जास्त फुगतात, आणि एक बाजू दुसरीपेक्षा जास्त पसरली की पुठ्ठा वाकतो.