अंतर्गत समिती

कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ झाल्यास तिची तक्रार घेऊन चौकशी करण्यासाठी आणि कारवाईची शिफारस करण्यासाठी भारतातील आस्थापनांनी नेमायची समिती. दहा किंवा त्याहून जास्त माणसे काम करतात अशा प्रत्येक सरकारी वा खाजगी आस्थापनेत ती नेमणे २०१३ च्या कायद्याने सक्तीचे आहे; शाखा वेगवेगळ्या गावी असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती लागते. महाराष्ट्रातल्या अनेक कार्यालयांत तिला आजही ‘विशाखा समिती’ म्हणतात.

या नावामागे राजस्थानातल्या भंवरीदेवींची लढाई आहे. भटेरी गावच्या भंवरीदेवी राज्याच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या. बालविवाह रोखणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडून दिले. काम केले म्हणून हल्ला झाला, तरी काम देणाऱ्यावर कसलीच जबाबदारी नव्हती. ‘विशाखा’ व इतर संघटनांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी नेमके हेच बदलले : छळ रोखणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आणि तक्रार समितीची सक्ती केली. निकाल देणाऱ्या तिघांच्या पीठात मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी मुख्य न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. पुढे कायदा यायला सोळा वर्षे लागली. मधल्या काळात न्यायालयाचे आदेश कागदावरच राहू नयेत म्हणून पुण्याच्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयात झगडा चालू ठेवला. समितीचा अहवाल हाच सेवानियमांखालील, म्हणजे नोकरीतल्या शिस्तीच्या नियमांखालील, चौकशी अहवाल मानावा, हे त्याच प्रकरणात ठरले. नाहीतर त्याच बाईला तेच सगळे दुसऱ्या चौकशीपुढे पुन्हा सांगावे लागत होते.

समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असते. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. एक सदस्य बाहेरची, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली असावी लागते. समितीचा खरा कणा हीच सदस्य. बाकीच्यांचा पगार, बढती, रजा त्याच आस्थापनेतल्या साहेबांच्या हातात असते. तिच्यावर तो दाब नसतो. अनेक ठिकाणी मात्र तिचे नाव फक्त फलकावर दिसते.

नको असलेला स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रे दाखवणे आणि याच स्वरूपाचे कोणतेही नकोसे वागणे छळात मोडते, मग ते बोलून असो वा हावभावांनी. अंगाला हात लागलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच स्पष्ट केले आहे. कायम, हंगामी, कंत्राटी, शिकाऊ अशा सगळ्या जणी तक्रार करू शकतात. कंपनीची गाडी आणि कामानिमित्त गेलेले गावही कामाचे ठिकाणच.

तक्रार लेखी द्यावी लागते आणि शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणे हे समितीचेच काम आहे. सहकाऱ्याविरुद्धच्या तक्रारीत सगळ्यात कठीण असते ते रोज त्याच्याच शेजारी बसणे. म्हणून चौकशी चालू असतानाच तक्रारदार दोघांपैकी एकाची बदली किंवा स्वतःसाठी तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते. ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. तिच्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये, असेही समिती सुचवू शकते. ही तरतूद अनेकींना कोणी सांगतच नाही. घटनेची तारीख, वेळ, जागा तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवणे आणि मेसेज न पुसणे पुढे फार उपयोगी पडते.

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. समितीपुढे वकील उभा करता येत नाही. तडजोड तक्रारदाराने मागितली तरच होते, आणि पैसे घेऊन मिटवण्याला कायद्यात जागा नाही. ‘सिद्ध झाले नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल’ ही धमकी सर्रास दिली जाते. ती चुकीची आहे. तक्रार जाणूनबुजून खोटी केली हे वेगळ्या चौकशीत ठरावे लागते, नुसता पुरावा अपुरा पडणे त्यासाठी पुरेसे नाही. दुसरीकडे, आरोप असलेल्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळालीच पाहिजे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात चौकशी घाईने उरकल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ती पुन्हा करायला सांगितली. त्याच निकालात कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर उणिवांवर न्यायालयाने बोट ठेवले.

अहवाल मिळाल्यावर मालकाने साठ दिवसांत कारवाई करायची असते. समितीच न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी, घरकामात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे लागते. पोलिसांत जाण्याचा मार्ग या सगळ्यापासून स्वतंत्र असून तो कायम खुला असतो. लैंगिक स्वरूप नसलेला जाच, उदाहरणार्थ एखाद्या सहकाऱ्याने सतत पाणउतारा करणे, या समितीच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी आस्थापनेच्या सेवानियमांखाली दाद मागता येते.