देणग्यांवरील प्राप्तिकर सवलत (भारत)

धर्मादाय संस्थेला किंवा सरकारने मान्य केलेल्या निधीला दिलेल्या देणगीमुळे देणगीदाराचा प्राप्तिकर काही प्रमाणात कमी होण्याची कायदेशीर तरतूद. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील कलम ८०जी हा तिचा आधार असल्याने व्यवहारात ‘८०जी’ एवढेच म्हटले जाते. १ एप्रिल २०२६ पासून अंमल असलेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये ही तरतूद कलम १३३ मध्ये आहे. जुन्या क्रमांकाची सवय पुष्कळ काळ टिकेल असे दिसते, म्हणून येथेही तोच वापरला आहे.

उगम : दानाला करमाफी देण्याची प्रथा भारतात फार जुनी आहे, आणि काही लेखक आजच्या सवलतीचे मूळ थेट तेथे नेतात. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख (राज्यवर्ष १८, बहुधा इ. स. दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध) या संदर्भात नेहमी पुढे केला जातो. गोवर्धन येथील अमात्याला उद्देशून असलेल्या या आज्ञेत, पूर्वी उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाच्या जावयाच्या) भोगवट्यात असलेले २०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे प्राचीन माप) शेत डोंगरावरील भिक्षूंना दिले आहे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, असे ‘परिहार’ (सवलती) लेखात नमूद असून दानाची नोंद करून घेण्याची आज्ञाही आहे. राज्यवर्ष २४ च्या पुढील लेखावरून हे शेत कसले जात नव्हते आणि गावही ओस होते असे कळते. म्हणून नगराच्या हद्दीवरील १०० निवर्तने बदली देण्यात आली. सूट कागदोपत्री मिळूनही हाती काही न पडण्याचा इतका जुना दाखला क्वचितच सापडेल.

मात्र या परिहारांचा लाभ दान घेणाऱ्याला होता, देणाऱ्याला नव्हे. मध्ययुगीन अग्रहार (ब्राह्मणांना दिलेली गावे), देवस्थान इनामे आणि पेशवाईतील वर्षासने (वार्षिक नेमणुका) यांविषयीही हेच म्हणता येईल. आधुनिक सवलतीत कर देणारा आणि दान देणारा एकच असतो व राज्यसंस्था तिसरा पक्ष असते; सातवाहन दानपत्रात राजा स्वतःच दाता आहे. त्यामुळे दोन्हींमध्ये सलग परंपरा मानण्यापेक्षा केवळ साम्य मानणे अधिक सुरक्षित होय.

ब्रिटिश अमदानीतील प्राप्तिकर कायद्यांतही प्रारंभी संस्थेच्या उत्पन्नालाच माफी होती. १८८६ च्या कायद्यात धार्मिक किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या मालमत्तेचे उत्पन्न वगळले होते. १९२२ च्या कायद्याने ते धोरण चालू ठेवले. ‘धर्मादाय हेतू’ कशाला म्हणावे याची चर्चा इंग्लंडमधील पेमसेल खटल्यातील (१८९१) लॉर्ड मॅकनॉटन यांच्या चार वर्गांपासून सुरू होते : दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्मप्रसार आणि समाजाला उपकारक अशी अन्य कामे. भारतीय कायद्याने यांतील तिसरा वर्ग व्याख्येत घेतला नाही आणि चौथ्याच्या जागी ‘सर्वसामान्य लोकोपयोग’ ही अधिक व्यापक कल्पना स्वीकारली. लाहोरच्या ट्रिब्यून वृत्तपत्राच्या न्यासाला प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायपीठाने) १९३९ मध्ये याच आधारावर माफी दिली. लोकोपयोगी काम करताना संस्थेने शुल्क किती घ्यावे व नफा किती करावा, हा वाद तेव्हापासून सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील अहमदाबाद नगरविकास प्राधिकरण निकालापर्यंत वारंवार उपस्थित झाला आहे.

देणगीदारासाठी स्वतंत्र सवलत १९४८ च्या सुमारास १९२२ च्या कायद्यात कलम १५बी घालून आली, असे सामान्यतः मानले जाते. तिचे स्वरूप आजच्याहून वेगळे होते. देणगीची रक्कम उत्पन्नातून वजा होत नसे. ती एकूण उत्पन्नात धरूनच कराचा दर ठरे आणि तेवढ्या रकमेवरचा कर सरासरी दराने माफ होई. १९६१ च्या अधिनियमातील मूळ कलम ८८ याच पद्धतीचे होते. वित्त (क्रमांक २) अधिनियम, १९६७ ने ते रद्द केले आणि १ एप्रिल १९६८ पासून कलम ८०जी लागू झाले. त्या वेळी अर्थखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. तेव्हापासून देणगी करातून नव्हे, उत्पन्नातून वजा होते.

हा फरक पारिभाषिक वाटला तरी पैशांत दिसतो. समजा, एखाद्याचे उत्पन्न १,००,००० रुपये आहे, त्यावरील कर २०,००० आहे आणि त्याच्या शेवटच्या टप्प्याचा दर ३० टक्के आहे. त्याने ५,००० रुपयांची देणगी दिली, तर जुन्या पद्धतीने सरासरी २० टक्क्यांप्रमाणे १,००० रुपये कर वाचे. पूर्ण वजावटीच्या पद्धतीने ३० टक्क्यांप्रमाणे १,५०० वाचतील. वजावट निम्मीच असेल तर ७५०. म्हणजे दान सारखे असूनही वरच्या टप्प्यातील करदात्याला सरकारकडून अधिक हातभार लागतो, आणि ज्याला करच भरावा लागत नाही त्याला काहीच मिळत नाही. १९६८ च्या बदलाकडे हिशेबाचे सुलभीकरण म्हणून पाहण्याची रीत आहे. तथापि सवलत कोणाला किती मिळते याची विभागणीच त्याने बदलली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अर्थशास्त्रीय वादही याच मुद्द्याभोवती आहे. अमेरिकी करकायदेतज्ज्ञ विल्यम अँड्र्यूज यांच्या मते दान दिलेला पैसा दात्याच्या उपभोगासाठी उरतच नाही, म्हणून तो करपात्र उत्पन्नात धरू नये. त्यांचेच देशबांधव स्टॅन्ली सरे यांनी अशा वजावटींना सरकारी खर्चाचेच दुसरे रूप मानले आणि ते श्रीमंतांकडे झुकलेले असल्याचे दाखवून दिले. भारताच्या अर्थसंकल्पात सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण २००६ पासून दिले जाते, त्यामागे सरे यांचा दृष्टिकोन आहे. वजावटीऐवजी थेट करातून सूट देणारे देश थोडे नाहीत : कॅनडाने १९८८ मध्ये वजावट सोडून ही पद्धत स्वीकारली, न्यूझीलंड देणगीच्या एक तृतीयांश रक्कम परत देतो आणि जपानमध्ये २०११ पासून ठरावीक संस्थांच्या देणगीदाराला दोहोंतील एक निवडता येते.

सध्याची रचना : कलम ८०जी मध्ये देणगी घेणाऱ्यांचे चार गट पडतात. देणगीच्या १०० टक्के रकमेची वजावट की ५० टक्के हा एक निकष आणि उत्पन्नाशी निगडित मर्यादा आहे की नाही हा दुसरा. पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधी, राष्ट्रीय संरक्षण निधी, पीएम केअर्स आणि राज्यांचे मुख्यमंत्री साहाय्यता निधी यांना मर्यादेविना पूर्ण वजावट आहे. गावोगावचे बहुतेक न्यास मात्र ५० टक्के आणि मर्यादेसह या गटात मोडतात. यादी एका सूत्राने तयार झालेली नाही. प्रसंगाप्रसंगाने तिच्यात भर पडत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री निधीला ‘१ ऑक्टोबर १९९३ ते ६ ऑक्टोबर १९९३’ या सहा दिवसांत दिलेल्या देणग्यांचा उल्लेख कलमात आला, त्याला जोडून मुख्यमंत्री भूकंप साहाय्यता निधीचाही. आणि हे शब्द पुढे दशकानुदशके कायद्याच्या पुस्तकात छापले जात राहिले. वगळण्याची उदाहरणे कमी आहेत. २०२३ च्या वित्त अधिनियमाने जवाहरलाल नेहरू स्मारक निधी, इंदिरा गांधी स्मारक न्यास आणि राजीव गांधी फाउंडेशन ही नावे काढली.

मर्यादा ही समायोजित ढोबळ उत्पन्नाच्या १० टक्के असते. हे उत्पन्न काढताना ढोबळ उत्पन्नातून अधिनियमाच्या प्रकरण ६-अ मधील अन्य वजावटी (विमा, बचत इत्यादींच्या), दीर्घकालीन भांडवली नफा इत्यादी आधी वगळावे लागतात. विवरणपत्रे भरताना चूक होते ती बहुधा इथेच. हे उत्पन्न ८,००,००० रुपये असलेल्याने ५० टक्के गटातील न्यासाला १,००,००० दिले, तर मर्यादेत ८०,००० बसतात, वजावट ४०,००० होते आणि जुन्या (वजावटी देणाऱ्या) करप्रणालीतील २० टक्के दराने, उपकरासह, ८,३२० रुपये कर वाचतो. उरलेले २०,००० पुढील वर्षाकडे नेता येत नाहीत.

२,००० रुपयांवरील देणगी रोखीने दिल्यास वजावट मिळत नाही (२०१७ पूर्वी ही मर्यादा १०,००० होती). धान्य, कपडे, औषधे अशा वस्तुरूप दानालाही ती नाही.

संस्थेची मान्यता : धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी होते, पण प्राप्तिकर सवलतीसाठी ती पुरेशी नसते. न्यासाचे स्वतःचे उत्पन्न करमुक्त होण्यासाठी एक आणि देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी दुसरी, अशा दोन वेगळ्या मंजुऱ्या प्राप्तिकर विभागाकडून घ्याव्या लागतात. पूर्वी मिळालेली ८०जी मंजुरी कायम राहत असे. १ एप्रिल २०२१ पासून ती मुदतबंद झाली. नव्या संस्थेला आधी तात्पुरती, नंतर पाच वर्षांची मंजुरी मिळते.

२०२१-२२ या आर्थिक वर्षापासून पुराव्याची पद्धतही बदलली. न्यासाने वर्षभरातील देणगीदारांची नावे, ओळख क्रमांक आणि रकमा नमुना १०बीडी मध्ये ३१ मेपर्यंत विभागाला कळवायच्या आणि त्यावरून निघणारे १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे. शिक्का मारलेली पावती आता एकटी पुरत नाही. उशीर झाल्यास न्यासाला दररोज २०० रुपये शुल्क पडते. दंड १०,००० ते १,००,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो. न्यासाने पॅन टिपताना एक अक्षर चुकवले, तरी देणगीदाराच्या विवरणपत्रातील दावा अडकू शकतो आणि दुरुस्ती न्यासालाच करावी लागते.

धार्मिक दान : पूर्णतः किंवा बव्हंशी धार्मिक हेतूच्या संस्थेला ८०जी मंजुरी मिळत नाही, तसेच विशिष्ट जातीच्या वा धर्मसमुदायाच्या हितापुरत्या संस्थेलाही, अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीच्या संस्थांना मात्र ही आडकाठी नाही. वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत धार्मिक खर्च झाला, तर तेवढ्यावरून मंजुरी जात नाही. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचे म्हणून अधिसूचित झालेल्या मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च यांच्या जीर्णोद्धारासाठी व दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीला ५० टक्के वजावट आहे. दानपेटीत टाकलेल्या पैशाला ती नाही, कारण तेथे दात्याची ओळखच उरत नाही.

नवी करप्रणाली : कमी दरांची नवी प्रणाली निवडल्यास ८०जी वजावट मिळत नाही. २०२३-२४ पासून हीच प्रणाली मूलतः लागू धरली जाते. जुनी हवी असल्यास तसे कळवावे लागते. देणगीची वजावट त्यामुळे मुख्यतः गृहकर्जाचे व्याज, विमा आदी अन्य वजावटी असलेल्या करदात्यांच्याच उपयोगाची उरली आहे. वैज्ञानिक संशोधनासाठीच्या देणग्या (८०जीजीए) आणि राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या (८०जीजीसी) यांचे नियम वेगळे आहेत.