पट्टा आवळला म्हणून पाय कापावा लागत नाही

"जखमेच्या वर घट्ट बांधू नका, पाय कापावा लागेल." हा सल्ला इतकी वर्षं फिरतोय की प्रथमोपचार शिकलेली माणसंही वाहतं रक्त थांबवण्यासाठी जखमेच्या वरच्या बाजूला पट्टा आवळायला कचरतात.

भीती अगदीच निराधार नव्हती. जुन्या युद्धांत जखमी सैनिक शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचायलाच कित्येक तास लागत. तोवर रक्ताविना पाय निकामी होई आणि दोष पट्ट्याला. इराक-अफगाणिस्तानातल्या युद्धांतल्या अनुभवाने हे मत बदललं. साधारण २ तासांच्या आत पट्टा सुटला तर कायमची इजा क्वचितच होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर स्वतः तासभर असाच पट्टा आवळून ठेवतात, हे मात्र कुणी सांगत नाही!

अर्थात, पहिलं काम जखम दाबण्याचंच. स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबा. थांबलं का म्हणून सारखं उचलून पाहू नका. तरीही हातापायातून रक्त उसळत असेल तर पट्टा: जखमेच्या ५-७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही. दोरी किंवा वायर कातडीत रुतते. रुंद पट्टी घ्या, गाठीत काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा. माणूस कळवळेल, ओरडेल. सैल करू नका. अर्धवट आवळलेला पट्टा सर्वांत वाईट: शिरा बंद, धमनी चालू, रक्तस्राव उलट वाढतो. बांधल्याची वेळ लिहून ठेवा, सोडायचं काम डॉक्टरांचं.

मान, काख, जांघ इथे पट्टा चालत नाही. तिथे जखमेत कापड ठासून दाबून धरायचं, मदत येईपर्यंत.